सनावरच्या माहेरवाशिणी

नातवाने कॉलेजात प्राणिशास्त्र घेतल्यापासून घरात किडामुंगीबद्दल बोलायची मला चोरी झाली आहे. मागच्या दिवाळीत अंगणातल्या झेंडूवर एक काळं-निळं फुलपाखरू येऊन बसलं. मी सहज म्हटलं, "बघ, माहेरवाशीण आली." झालं! पोराने माझी शाळाच घेतली. म्हणे, आजी, ही जात दूरदूरचा प्रवास करते हे खरं, पण सनाच्या झाडावर जी गर्दी करतात ते सगळे नर असतात. मोडलेल्या, सुकत चाललेल्या देठातला कडू रस चोखतात, त्यापासून अंगात अत्तर तयार करतात आणि मग मादीला रिझवायला निघतात. त्यात माहेरवाशीण एकही नाही. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "असतील बाबा. तुझ्या पुस्तकात असतील नर. आमच्या शेतात माहेरवाशिणीच यायच्या." पोरगं हसलं. हसू दे. त्याच्या पणजोबांसमोर हसला असता तर कळलं असतं.

मी लग्न होऊन अल्लीपूरला गेले तेव्हा वर्धा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि रुपयाचे आणे व्हायचे. माझं माहेर वर्ध्याला लागून, सिंदी मेघेला. सातवी पास होते, त्यामुळे आपल्याला जगातलं सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. नवरा हिंगणघाटच्या जिनात नोकरीला, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे घरात राहिलो आम्ही दोघं, मी आणि मामाजी. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात.

मामाजी उंच, वाळलेले, आणि सुनेशी थेट बोलायला भयंकर लाजणारे. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते बैलाला सांगायचे. "आज वरणात मीठ पडलं नाई वाटते रे," असं गोठ्यात जाऊन मोठ्याने म्हणायचे, आणि बैल बिचारा कान हलवायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी मीठ नीट घालायची. असा आमचा संसार. त्यांनी मला कधी शाबासकी दिली नाही, पण एकदा बैलाला म्हणाले होते, "सून भाकर चांगली करते, सांगू नको तिले." त्या दिवशी मी दिवसभर गाणं गुणगुणत होते.

कापसाच्या शेताला धुऱ्याने, म्हणजे कडेकडेने, आम्ही सन पेरायचो. कोणी त्याला ताग म्हणतं, कोणी बोरू. पुरुषभर उंच वाढतो, पिवळी फुलं येतात, आणि खोडाच्या सालीचा दोर होतो. बैलाचा कासरा, वेसण, विहिरीचा दोर, बाजेचं विणकाम, सगळं त्याचंच. सनातलं मामाजींना जेवढं कळे तेवढं आजूबाजूच्या गावांत कोणाला कळत नसे. असं ते स्वतः म्हणत नसत, पण दुसऱ्याने म्हटलं तर नाहीही म्हणत नसत.

नवरात्राच्या आसपास सन कापायचा, पानं झडावीत म्हणून काही दिवस शेतातच गंजी घालून ठेवायचा, मग पेंढ्या बांधून नाल्याच्या पाण्यात दगडाखाली बुडवायचा. सन कापून पडला, कोमेजायला लागला, की माहेरवाशिणी यायच्या. कुठून कळायचं त्यांना देव जाणे. आदल्या दिवशी एखाददुसरी, आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापेपर्यंत गंजी दिसेनाशी व्हायची. काळे पंख, त्यावर फिक्या निळ्या रेघा आणि ठिपके, काळ्या लुगड्यावर नीळ शिंपडल्यासारखे. त्यांच्यात तांबूस, वाघासारख्या पट्ट्यांच्याही काही असायच्या, पण राज्य निळ्यांचं. पायांनी देठ खरवडायच्या, सोंड लावायच्या आणि तासन् तास हलायच्या नाहीत. आपण हात पुढे केला तरी उडत नसत. फार तर बाजूला सरकायच्या, शेजारणीला जागा द्यावी तशा.

त्यांचं उडणंही सावकाश. घाई कसली ती नाही, कारण त्यांना कोणी खात नसे. एकदा कोतवाल पक्ष्याने झडप घालून एक पकडली आणि लगेच टाकून दिली. तोंड इतकं कडू झालं असावं की तो बाभळीवर जाऊन चोच पुसत बसला. ती पडलेली पाखरी थोडा वेळ मेल्यासारखी पडून राहिली, मग उठली, पंख झटकले आणि पुन्हा सनावर जाऊन बसली. मामाजी बैलाला म्हणाले, "माहेरवाशिणीच्या वाटेले जाव नाई, पाह्यलं ना?" संध्याकाळी ऊन उतरलं की सगळ्या नाल्याकाठच्या करंजीवर जायच्या आणि वाळक्या डहाळ्यांना पंख मिटून लटकायच्या. मिटलेल्या पंखांचा रंग मातकट. माहीत नसेल त्याला झाडाला वाळलेली पानं लागलीत असंच वाटावं.

सगळ्याच काही लांबून येत नसत. आमच्या कुंपणावर हरणदोडीची वेल होती, पान तोडलं की पांढरा चीक गळायचा. श्रावणात त्या वेलीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसायच्या, पुढे दोन शिंगं आणि मागे दोन, तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं कळू नये अशा. पानं फस्त करायच्या आणि मग पानाखाली हिरवा कोश लटकायचा, त्यावर सोनाराने डाग द्यावा तसे सोनेरी ठिपके. मी सातवी पास, मला शोध लागल्यासारखं झालं. मी धीर करून थेट मामाजींनाच म्हटलं, "मामाजी, ह्या काही कुठून येत नाहीत, ह्या आपल्याच कुंपणावर जन्मतात." त्यांनी बैलाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, आणि म्हणाले, "मंग? लेकी कुठी जन्मतात?" मी विचारलं, "आणि मग जातात कुठे?" तर म्हणाले, "सासरी. लेकीले दुसरी जागा कुठी हाय?"

त्या जाताना मी पुढे पाहिल्या. थंडीची पहिली चाहूल लागली की एक दिवस ज्वारीवरून उठायच्या आणि दक्षिणेच्या अंगाने चालू लागायच्या. थवा वगैरे नाही. एक गेली, थोड्या वेळाने दुसरी, मग आणखी दोन. वाटेत घर आलं तर वळसा नाही, छपरावरून वर चढून पुन्हा खाली उतरायचं आणि आपली दिशा धरायची. दिवसभर ते चालायचं. दुसऱ्या दिवशी शेत सुनं.

आमच्या घराची एक रीत होती. पाखरू बसलेला सन पाण्यात घालायचा नाही. माहेरवाशिणी आपल्या आपण उठल्या की मगच पेंढ्या नाल्यात. आणि त्याच रितीची दुसरी बाजू अशी की घरची लेक माहेरी आलेली असेल तर सनावर माहेरवाशिणी असेपर्यंत तिलाही सासरी धाडायचं नाही. बाहेरच्या लेकींना उठवायचं नाही आणि घरच्या लेकीला उठवायचं, हे कसं? चांगल्या सालात हे सगळं आठ-दहा दिवसांत आटपायचं. सन कडकडीत वाळला की त्यांना त्यात राम वाटत नसे.

आता नणंदेचं सांगते. नणंद एकच, माझ्याहून थोडी लहान, तिकडे आष्टीच्या बाजूला दिलेली. आधीच्या दोन पोळ्यांना आली तेव्हा घर डोक्यावर घ्यायची. बापाची नक्कल करायची, बैलाशी बोलून मला हसवायची. त्या वर्षी मामाजी तिला पोळ्याला घेऊन आले आणि ती येऊन दारातच टेकली. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. जेवायला बसली की भाकरीचा तुकडा बोटांत घोळवत राहायची. मामाजींनी दोन दिवस पाहिलं आणि बैलाला म्हणाले, "सासरी काम जास्त असन."

मला तिने महालक्ष्म्या झाल्यावर सांगितलं, आम्ही दोघी उखळापाशी होतो तेव्हा. मुसळ थांबवून म्हणाली, "लेकरू गेलं, वहिनी. पोटातच. आषाढात." मी काही बोलणार तर म्हणाली, "तिसऱ्या दिवशी सासूनं वावरात गवत निंदाले धाडलं. म्हने, बाया काय बाळंतपनात वावरात जात नाई का. हे तं बाळंतपनबी नोय."

"आणि ते?" मी विचारलं. ते म्हणजे तिचा नवरा.

"ते ओसरीत बसलेते. काई बोलले नाई. त्याईनं मायसमोर कधी तोंड उघडलं हाय?" मग पुन्हा मुसळ उचललं. "मले तिथं नाई जायचं, वहिनी."

हे ती डोळ्यांत पाणी न आणता बोलली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, मामाजींना सांगू. ती एकदम घाबरली. "नाई, नाई. बाबाले असं सांगतात का कोनी? माय असती तं वेगळी गोष्ट." तेही खरंच होतं. बाईचं असलं दुखणं बापाच्या कानावर आईच घालते. आणि मी तर सून, माझं बोलणं बैलामार्फत चालायचं.

तेवढ्यात व्याह्यांचा निरोप आला. हिंगणघाटच्या बाजाराला बैल घेऊन जाणारा एक माणूस ओसरीवर टेकला आणि पाणी पिता पिता म्हणाला, "दसऱ्याले कापूस फुटते, येचाले हात पाह्यजेत, सून धाडा म्हनतात." मामाजींनी पानाची चंची काढून त्याच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, "सनावरच्या माहेरवाशिणी उठल्या की दुसऱ्या दिवशी मी सोता आणून सोडतो. सांगजा त्यायले." मामाजींचा शब्द म्हणजे शब्द. तो त्यांनी कधी फिरवलेला कोणाला आठवत नव्हता. आतल्या खोलीत नणंद भिंतीला टेकून उभी होती.

सन कापला. पाखरं आली. आम्ही दोघी मामाजींची भाकर घेऊन रोज शेतात जायचो आणि पहिली नजर गंजीकडे. चार-पाच दिवस भरगच्च. मग सन वाळत गेला तशी गर्दी विरळ होऊ लागली. एका दुपारी एवढीशीच पाखरं उरली आणि नणंदेने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आम्ही धुऱ्याने परत निघालो. बियाण्यासाठी म्हणून कोपऱ्यात थोडा सन उभाच ठेवला होता. त्यातलं एक झाड कोणाच्या तरी बैलाने तुडवून मोडलं होतं, आणि त्या एका मोडक्या, कोमेजल्या झाडावर पाखरांची रांग लागली होती. शेजारच्या उभ्या, टवटवीत झाडांवर जवळपास काही नाही.

नणंद थांबली. मोडक्या झाडाकडे पाहिलं, गंजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोळ्यानंतर पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जुनी नणंद दिसली. "वहिनी," म्हणाली, "ह्यायले ना हिरवा पाह्यजे, ना वाळला. मेलेला नाई आन् जितलाबी नाई, असा पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या टोपल्यात फडक्याखाली विळा. मामाजी जेवून बाभळीखाली आडवे झाले की आम्ही बियाण्याच्या सनातली मूठभर झाडं कापायची, पायांनी चेचायची आणि गंजीत खुपसायची. एक कापायला, एक मामाजींच्या घोरण्यावर कान ठेवायला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहावं तर गंजीवर मेळा! दर दोन-तीन दिवसांनी हेच. दसरा गेला. कोजागिरीही गेली. शेजारच्या शेतांतले लोक आपापला सन केव्हाच नाल्यात घालून मोकळे झाले, आणि त्यांच्याकडची पाखरंही आमच्याकडे आली. येणारे-जाणारे धुऱ्यावर थांबून म्हणायचे, "काय हो, यंदा तुमच्या माहेरवाशिणी जातच नाई?" मामाजी आकाशाकडे पाहून म्हणायचे, "नाई उठून राह्यल्या बा. मी काय करू?" चोराच्या मनात चांदणं. ते गंजीकडे जरा जास्त वेळ पाहत उभे राहिले की आम्ही दोघी लगबगीने टोपलं आवरायला लागायचो.

पण काय दिवस होते ते! नणंद जेवायला लागली. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, दोनदा मागून. दुपारी गंजीपाशी बसून हातावर पाखरं घ्यायची. घाम चाखायला ती बोटावर चढायची, आणि तिला गुदगुल्या व्हायच्या. एकदा माझ्या अंबाड्यावर एक बसली तर म्हणाली, "वहिनी, हलू नको, तुयी नणंद आली." बांगड्या हळूहळू मनगटाकडे परत आल्या. मला ती बहिणीसारखी वाटू लागली आणि ती गेली तर मी त्या घरात कोणाशी बोलणार, हा माझाही स्वार्थ होता. तो मी लपवत नाही.

मग एके दिवशी कोपऱ्यात पाहिलं तर बियाण्याचा सन ओंजळभर उरला होता. शेंगा भरलेली मोजकी झाडं. ती कापली तर पुढच्या वर्षी पेरायला दाणा नाही, आणि सन नाही तर दोर नाही. सनासाठी ओळखला जाणारा माणूस, आणि त्याच्या घरचं सनाचं बियाणं आम्ही पाखरांना घातलं! आम्ही दोघी तिथेच बसलो. नणंद म्हणाली, "आता नाई कापायचं. बाबाचं बी हाय ते." विळा तिने फडक्यात गुंडाळला. दोन दिवसांत गंजी वाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी करंजीवरून उठलेली पाखरं शेतावर न उतरता ज्वारीवरून पुढे निघालेली मी पाहिली. तिनेही पाहिली. आम्ही घरी आलो आणि तिने तिचं गाठोडं बांधायला घेतलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी जावई आले. आष्टीकडून वर्धा, वर्ध्याहून पुढे, आणि शेवटचा पल्ला पायी. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, हातात संत्र्यांची पिशवी. आपल्याच बायकोच्या घरी येऊन परक्यासारखे ओसरीच्या कडेला बसले. मामाजी घरी नव्हते, पहाटेच शेतावर गेलेले. मी पाणी दिलं. नणंद आतून बाहेर आली नाही. जावई म्हणाले, "मायनं धाडलं. मामाजीचा शब्द हाय म्हने." मी म्हटलं, ते शेतात आहेत. आणि मग आम्ही तिघं निघालो, पुढे जावई, मागे भाकरीचं टोपलं घेऊन मी, माझ्या मागे नणंद. गंजी मोकळी दिसणार आणि हिचं सासर नक्की होणार, हे मला पावलापावलाला दिसत होतं.

पाहते तर गंजीवर पाखरंच पाखरं.

मी नणंदेकडे वळले. तिने मान हलवली. तिने कापला नव्हता. मी तर नाहीच नाही. मग मी कोपऱ्यात पाहिलं. बियाण्याच्या सनाचं एकही झाड उभं नव्हतं. आमची कापणी चोरट्या घाईची, वीतभर थुटकं मागे राहायचं. इथे आमची थुटकी तर होतीच, पण शेवटची खोडं मातीलगत, एका फटक्यात, तिरपी कापलेली होती. तसा विळा अख्ख्या गावात एकच माणूस चालवायचा. तो माणूस बाभळीखाली बसला होता आणि आमच्याकडे बघत नव्हता. म्हणजे आमची थुटकी त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होती. तेरी भी चुप, मेरी भी चुप, असा महिनाभर कारभार चालला होता.

जावयांनी गंजीकडे पाहिलं. रीत त्यांनाही माहीत होती. "बसल्या हायेत अजून," म्हणाले. "मंग मी आठ दिवसानं येतो, मामाजी." आणि खरंच वळले. एवढ्यावर भागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मामाजी उठले. "थांबा, जावईबापू. खोटं नाई बोलत मी. पाखरं कालच उठली होती. काल दुपारी बियाण्याचा सन कापून मी पुन्हा बसवली. माह्या शब्दानं पाहाल तं लेक आज तुमच्याबरोबर धाडाले पाह्यजे." "मी नाई धाडत. काऊन नाई धाडत ते मलेबी ठाऊक नाई. ती सांगत नाई, मले इचारता येत नाई. पन पोरगी चोरून सन कापून राह्यली, तं काई तरी असनच."

बैल दोन हातांवर बांधलेला होता. हे सगळं ते बैलाशी बोलले नाहीत.

मला वाटलं, आता जावई चिडून निघून जाणार. त्यांनी संत्र्यांची पिशवी जमिनीवर ठेवली आणि मान खाली घालून म्हणाले, "मले ठाऊक हाय, मामाजी." आणि त्यांनी सांगितलं. लेकरू गेल्याचं, तिसऱ्या दिवशी निंदायला धाडल्याचं, सगळं, जसं नणंदेने उखळापाशी सांगितलं होतं तसंच. शेवटी म्हणाले, "मी ओसरीत बसलो होतो. बोलाले पाह्यजे होतं. नाई बोललो."

मामाजी लेकीकडे वळले. लेक मोठी झाल्यापासून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवलेला मी पाहिला नव्हता. तो त्यांनी ठेवला, जरा चाचपडत, आणि म्हणाले, "तुही माय असती तं मले हे कवाचंच समजलं असतं, बाई."

आणि ती रडली. आषाढापासूनचं सगळं रडली, तिथेच मातीत बसून, मोठ्याने. मीही रडले. जावई दूर जाऊन नाल्याकडे तोंड करून उभे राहिले. पाखरांना काही फरक पडला नाही, ती आपली देठ चोखत होती.

ती शांत झाल्यावर मामाजी जावयांना म्हणाले, "मले नका इचारू. तिले इचारा." बायकोला असं चारचौघांत विचारायची सवय त्या माणसाला कुठून असणार? तरी विचारलं. "येतं का?" नणंदेने नाक पुसलं आणि म्हणाली, "आता नाई." जावयांनी मान डोलावली. भाकर खाल्ली. जाताना धुऱ्यावर थांबून विचारलं, "मायले काय सांगू?"

मामाजी म्हणाले, "सांगजा, अजून बसल्या हायेत."

नणंद पुढे गेली सासरी, पण दीड वर्षाने. जावयांनी आष्टीत वेगळी चूल मांडली आणि पुन्हा येऊन तिला, तिलाच, विचारलं तेव्हा. सुखात राहिली. ते सगळं निराळं, आणि लांबलचक. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या पेरणीचं.

पेरणी तोंडावर आली आणि आमच्याकडे सनाचा दाणा नव्हता. ज्यांच्याकडे लोक बियाणं मागायला यायचे ते मामाजी धोतराचा सोगा पुढे करून दारोदार फिरले. मी मागून टोपली घेऊन. प्रत्येक दारात तोच प्रश्न, "तुमच्याकडे नाई? तुमच्या घरी सनाले काय झालं?" आणि मामाजींचं प्रत्येक दारात एकच उत्तर, तोंडावरची रेघ न हलवता, "पाखरायनं खाल्लं." फुलपाखराला दात नसतात, ते दाणा खात नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण कोणी हसलं नाही. कोणी खोदून विचारलंही नाही. कोणी मूठभर दिलं, कोणी दोन मुठी. शेवटच्या घरी एक म्हातारी होती, बोळक्या तोंडाची, तिच्या शेताचा धुरा आमच्या धुऱ्याला लागलेला. तिने सुपात सन आणला, ओंजळ भरून त्यांच्या सोग्यात ओतली आणि विचारलं,

"लेक हाय ना अजून घरी?"

"हाय," मामाजी म्हणाले.

"मंग आणखी एक ओंजळ घेऊन जा," म्हातारी म्हणाली. मामाजींनी सोगा पुन्हा पुढे केला.